सांग तुझ्या आवशीक

"सांग तुझ्या आवशीक, रेस कमी कर म्हणावा!" आबा ओरडले.

तुझ्या आवशीक म्हणजे तुझ्या आईला. आणि माझी आई त्यांच्या मागेच उभी होती. इतकी जवळ, की आबांनी हात वळवला असता तर तिच्या ओढणीचं टोक हाताला लागलं असतं. पण नाही! निरोप माझ्यामार्फतच जायला हवा.

"आई, आबा म्हणतायत रेस कमी कर!"

"सांग त्यांना, मी रेस वाढवलेलीच नाही!"

"आबा, आई म्हणते, तिने रेस वाढवलेलीच नाही!"

"मगे वाढली कशी?"

"आई, आबा विचारतायत, मग वाढली कशी?"

"मला काय माहीत!"

हे सगळं भर खाडीत चाललं होतं. लॉन्चचं इंजिन असं किंचाळत होतं, की माझा स्वतःचाच आवाज मला ऐकू येत नव्हता. पायाखालची फळी थरथरत होती, त्यामुळे माझे दात एकमेकांवर आपटत होते. काखेत खो-खोची शील्ड, खांद्यावर बॅग, आणि मी या तोंडाकडून त्या तोंडाकडे मान फिरवतेय. समोर बसलेले भाई मोंडकर एका हाताने फळी धरून माझ्याकडे असे बघत होते, जणू इंजिन मीच बिघडवलंय.

मी तेव्हा आठवीत होते. आता दहावीत आहे, आणि आमच्या आंबेखोलात मला ओळखत नाही असा माणूस नाही. पण तेव्हा तशी नव्हते. तेव्हा मी म्हणजे एक नळी होते. एका बाजूने आबा बोलायचे, दुसऱ्या बाजूने आई ऐकायची.

आधी हे सांगते, कारण त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

आमच्या गावातून पलीकडच्या वाघिवण्याला जायचं तर मध्ये खाडी. हायस्कूल पलीकडे, दवाखाना पलीकडे, बाजारही पलीकडे. पूल लांब, पार वरच्या अंगाला. म्हणून लॉन्च. ती माझ्या जन्माच्याही आधीपासून आबा चालवायचे. आबा म्हणजे माझ्या बाबांचे वडील. मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, ऑपरेशन झालं, आणि "माका समदा दिसता" असं ते सगळ्या गावाला सांगत सुटले. बाबा लॉन्च चालवतील असं ठरत होतं, तेवढ्यात त्यांना मोठ्या बोटीवर नोकरी लागली आणि ते परदेशी गेले. मग आईच म्हणाली, "मी चालवते." ती नुसतं म्हणून थांबली नाही. शिकली, परीक्षा दिली, परवान्याचा कागदही आणला.

गणपतीचे दिवस होते. आबा आरतीचं तबक खाली ठेवून म्हणाले, "बायलमाणसान सुकाणू धरूचा नाय."

आई म्हणाली, "मग कोण धरणार? तुम्हाला समोरचा धक्का दिसतो का?"

झालं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. आणि मी कामाला लागले.

"सांग तुझ्या आवशीक, आमटीत मीठ नाय."

"सांग आबांना, मीठ बरणीत आहे."

"सांग तुझ्या आवशीक, डिझेल संपत इला."

"सांग आबांना, डिझेल उद्या येईल."

जेवताना मी मध्ये बसायचे. एकदा मला ताप होता आणि मी घोंगडीत गुरफटून पडले होते. तर आबा अंथरुणाशी येऊन म्हणाले, "कस्तू, सांग तुझ्या आवशीक, तुका काढो करून देऊक." आणि आई काढा घेऊन त्यांच्या मागेच उभी होती!

तर, त्या दिवशी. महाशिवरात्र जवळ आली होती, आणि तर समितीने ठरवलं होतं की एकदा आईची लॉन्च बघायची. तर म्हणजे नदी-खाडी ओलांडून देणारी होडी किंवा लॉन्च, आणि दोन्ही गावांची मिळून तिची एक समिती आहे. भाई मोंडकर तिचे अध्यक्ष. जाऊन परत यायचं, नीट, धक्क्याला न आदळता. जमलं, की तर आईच्या नावावर. नाही जमलं तर पलीकडच्या तोरसकरांची लॉन्च लागणार. आणि तसं झालं तर आम्ही दोघींनी चिपळूणला मामाकडे जायचं, असं आईने मला सांगितलं होतं. माझी शाळा, माझी खो-खोची टीम, आबा, सगळं इथे सोडून. "हे आबांना सांगायचं नाही," असंही म्हणाली होती. हा एकच निरोप होता, जो मी पोचवला नव्हता.

मी मात्र दोन दिवस घरातच नव्हते. कुडाळला खो-खोचे सामने होते, आम्ही उपविजेते झालो, आणि मी शील्ड घेऊन सकाळच्या एसटीने थेट धक्क्यावर उतरले. घरी गेलेच नाही. उडी मारूनच लॉन्चवर आले.

"आई, शील्ड!"

"छान," आई म्हणाली, पण तिचं लक्ष भाईंकडे होतं. भाई छत्री उघडून मधल्या फळीवर बसले होते, उन्हाला घाबरून. मासळीची टोपली घेऊन रुक्मीकाकी पलीकडच्या बाजाराला निघाली होती. आणि इंजिनाच्या पेटीला टेकून, आईकडे पाठ करून, आबा. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"आबा, तुम्ही कसे?" मी विचारलं.

"बघूक इलंय," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "सांग तुझ्या आवशीक, भरती लागली हा."

आईने इंजिन सुरू केलं. सुरू झालं, लॉन्च निघाली. पहिला भाग छान गेला. मी शील्ड भाईंना दाखवली, भाई म्हणाले, "उपविजेते म्हणजे हरलंस ना?" आणि मी त्यांना समजावून सांगत होते की तसं नसतं, तेवढ्यात इंजिनाचा आवाज चढला.

आधी वाटलं, आईनेच चढवला. मग तो आणखी चढला. मग आणखी. साधं फट फट करणारं आमचं इंजिन, एकदम शिट्टीसारखं व्हायला लागलं.

"नंदिनी, सावकाश गो!" भाई म्हणाले.

"मी काही केलं नाही, भाई!"

आणि मग सुरू झाला तो सगळा गोंधळ, जो मी वर लिहिला. रेस कमी कर, रेस वाढवलीच नाही, मग वाढली कशी. आईने रेसचा दांडा पार खाली पाडला होता. मी बघत होते. दांडा खाली आणि आवाज वर. मला वाटलं, माझेच डोळे फिरलेत.

"दांडो अडाकलो असतलो," आबा म्हणाले. "सांग तिका, हलवून बघूक."

"आई, दांडा हलवून बघ!"

"हलवला! सैल आहे, काहीच होत नाही!"

"आबा, सैल आहे म्हणते!"

लॉन्च आता नुसती धावत होती. समोर वाळूचा पट्टा. ओहोटीला तिथे कावळे चालतात, भरतीला तो पाण्याखाली लपून बसतो. त्यात घुसलो असतो तर लॉन्चचा तळ गेला असता. आईने गिअर काढला, म्हणजे पंखा सुटा केला, म्हणजे लॉन्च थांबेल.

लॉन्च थांबायला लागली. पण इंजिन! पंख्याचं ओझं उतरलं तसं इंजिन इतकं जोरात किंचाळलं की रुक्मीकाकीने कान दाबले आणि टोपली उलटली. बांगडे घसरत माझ्या बुटांपर्यंत आले. इंजिनाच्या पेटीची झाकणं खडखडत उघडत मिटत होती.

"फुटतला ता!" आबा ओरडले. "सांग तिका, फुटतला!"

मी सांगायच्या आत आईने गिअर परत टाकला. लॉन्च उसळली, भाईंच्या हातातली छत्री उडाली आणि खाडीत जाऊन पडली. मग आईने सुकाणू पूर्ण एका बाजूला दाबलं आणि तिथेच धरून ठेवलं.

आणि लॉन्च गोल फिरायला लागली.

भर खाडीत. गोल गोल. आंबेखोलचा धक्का गेला, वाघिवण्याचा धक्का आला, तो गेला, आंबेखोलचा परत आला. दोन्हीकडे माणसं जमलेली दिसत होती आणि सगळी बोटं दाखवत होती. प्रत्येक फेरीला पाण्यात तरंगणारी भाईंची छत्री आमच्या शेजारून जायची आणि भाई तिच्याकडे हात करायचे. मला तेव्हा हसू यायला हवं होतं, पण मला काहीच कळत नव्हतं. आई गोल का फिरवतेय? इंजिन का ऐकत नाही? हे सगळे जण मलाच का सांगतायत?

"ह्याका म्हणतत तर चालवणा?" भाई ओरडले. "बंद कर! इंजिन बंद कर गो!"

"डिझेल बंद कर," आबा म्हणाले. "सांग तिका—"

पण आई सुकाणू सोडू शकत नव्हती. सोडलं असतं तर लॉन्च सरळ वाळूत. तिने माझ्याकडे बघितलं. "कस्तू, आबांना सांग, डिझेलचा कॉक त्यांनीच बंद करायचा."

"आबा, कॉक तुम्हीच बंद करा म्हणते!"

आबांनी पेटी उघडली. गरम हवेचा लोट आला. त्यांनी आत बघितलं नाही. बघून काही उपयोग नव्हता हे मला आता कळतं, तेव्हा वाटलं, धुरामुळे बघत नाहीत. नुसता हात घातला, हाताने चाचपलं, आणि कॉक फिरवला. मी पक्कं बघितलं, कॉक आडवा झाला. डिझेल बंद.

इंजिन चालूच.

"केलो?" भाईंनी विचारलं.

"केलो."

"मगे?"

आबांनी डिझेलची नळीच खेचून काढली. थेंबभर डिझेल गळलं आणि थांबलं. इंजिनात आता डिझेलचा एक थेंबही जात नव्हता. आणि ते पहिल्यापेक्षा जास्त जोरात धावत होतं.

अरे, पण कशावर? शाळेत आम्हाला शिकवलं होतं, इंधनाशिवाय इंजिन नाही. बाईंनी फळ्यावर चित्र काढलं होतं. मी परीक्षेत लिहिलं होतं, गुणही मिळाले होते. आणि इथे उपाशी इंजिन घोड्यासारखं धावत होतं.

"राखणदाराक नारळ दिलास?" रुक्मीकाकी बांगडे गोळा करत ओरडली. "माका ठाऊक होता. खाडीच्या राखणदाराक विसरलास तर असाच होता!"

"गप गो रुक्मी!" भाई म्हणाले. मग आबांकडे वळून, "नारळ दिलास मां?"

"धूर कसलो येता?" आबांनी मला विचारलं.

"काय?"

"धूर गो! काळो? पांढरो?"

मी वर बघितलं. धूर सगळीकडे होता, लॉन्च फिरत होती, ऊन डोळ्यांत जात होतं, कधी तो काळा वाटे, कधी राखाडी. "काळा... नाही, पांढरा... आबा, मला नाही कळत!"

"सांग तिका, बघूक, धूर—"

"निळा!" आई ओरडली.

आबांची मान वळली.

"निळा आहे, आबा!" आई सुकाणू पोटाशी दाबून उभी होती, केस सगळे तोंडावर, आणि थेट आबांकडे बघत होती. "पक्का निळा! आगोटीच्या पावसाच्या ढगासारखा!"

गणपतीपासून पहिल्यांदा. मी मध्ये उभी होते आणि निरोप माझ्या डोक्यावरून गेला होता.

"निळो?" आबा म्हणाले. माझ्याशी नाही. तिच्याशी. "मगे डिझेल न्हय ता. ऑइल खाता."

ऑइल म्हणजे इंजिनाच्या पोटात असतं ते. डिझेल जळण्यासाठी, ऑइल आतले भाग घासू नयेत म्हणून. ते जळायचं नसतं. पण पोटात फार भरलं तर ते उसळून हवेच्या नळीत येतं, आणि मग इंजिन स्वतःचंच पोट जाळत धावतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढं दिसलं की ते दोघं एकमेकांकडे बघतायत.

"ऑइल कधी घातलंस?" आबांनी विचारलं.

"काल संध्याकाळी!"

"किती?"

"पट्टीवरच्या रेघेपर्यंत! बरोबर रेघेपर्यंत, आबा, दोनदा बघितलं!"

आबांचा चेहरा बदलला. आमच्या शेजारून छत्री गेली. कुणी तिच्याकडे बघितलं नाही.

"मिया सकाळी घातलंय," आबा म्हणाले.

"काय?"

"आज सकाळी. पाटेक उठान. डबो भरून."

आईने सुकाणू आणखी घट्ट धरलं.

"हवा बंद करूक होयी," आबा म्हणाले, एकदम जोरात. "ऑइल काय काढूक येवचा नाय. श्वास कोंडूक होयो तेचो. रुक्मे, तुझा गोणपाट दी! कस्तू, चपटा काय तरी दी!"

"चपटं म्हणजे काय?"

"चपटा गो! फळी!"

माझ्याकडे शील्ड होती. लाकडी, पुढे पितळी पत्रा, पाठीमागून सपाट. मी ती त्यांच्या हातात दिली. हो, दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांसमोर मिरवायची शील्ड!

आबांनी रुक्मीकाकीचं ओलं, मासळीचा वास मारणारं गोणपाट हाताला गुंडाळलं. फिल्टरची टोपी चाचपडत शोधली, कड्या काढल्या, टोपी फेकून दिली. आता हवा ओढणारं तोंड उघडं होतं. आबांनी शील्ड पुढे केली आणि ती दाबली, चुकीच्या जागी. नुसत्या लोखंडावर.

"उजवीकडे, आबा!" आई ओरडली.

"हंय?"

"तिथे नाही, अजून उजवीकडे! वर! थोडं वर!"

"हंय?"

"तिथेच! दाबा!"

शील्डला कुणीतरी आतून ओढून घेतल्यासारखा आवाज झाला. थपकन. आबांनी दोन्ही हातांनी, सगळं अंग टाकून ती दाबली. इंजिन घरघरलं. एकदा उसळलं, एकदा गुदमरल्यासारखं झालं. मग हळू, मग आणखी हळू, मग एक शेवटची उचकी.

बंद.

इतकी शांतता मी आयुष्यात कधी ऐकली नव्हती. लॉन्च अजूनही हळूहळू फिरत होती, आपल्याच वेगाने. पाण्याचा आवाज येत होता. काठावरून कुणीतरी "काय झाला रे?" असं विचारत होतं.

भाई फळीवर बसले होते, चष्मा एका कानावर. "ह्या कसा झाला?" ते म्हणाले. "कोणी सांगतला काय?"

मी आईकडे बघितलं. आता ती सांगेल, की आबांनी जास्त ऑइल घातलं. मग आबा चिडतील. मग भाई म्हणतील, तुमच्या घरात हे असं, तर कशी चालणार. मग चिपळूण. मी सगळं डोक्यात मांडून बसले होते.

"माझी चूक," आई म्हणाली. "सकाळी निघण्याआधी मी पट्टी बघायला हवी होती. काल बघितली म्हणून आज बघितली नाही."

"नाय," आबा म्हणाले.

ते पेटीवर बसले होते, गोणपाट अजून हातालाच गुंडाळलेलं. शील्ड मांडीवर.

"ऑइल मिया घातलंय. हिना रेघेपर्यंत बरोबर भरलेला. माका ती रेघ दिसणा नाय. पट्टी हातात धरलंय, उजेडात धरलंय, दिसली नाय. म्हटला, कमी असात तर? आजच्या दिवसाक कमी पडूक नको. म्हणान डबो ओतलंय."

"पण तू तर म्हणत होतंस, डोळे बरे झाले," भाई म्हणाले.

"नाय झाले."

आबा हे बोलले. माझ्या आबांनी! समितीच्या अध्यक्षांसमोर, रुक्मीकाकीसमोर. रुक्मीकाकीला सांगितलं म्हणजे बाजाराला सांगितलं. समोरचा धक्का दिसतो का, असं आईने गणपतीत विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर आज आलं होतं.

"मगे हिना तुका सांगूक नाय?" भाईंनी विचारलं. "काल ऑइल घातलंय म्हणान?"

आबा आईकडे बघू लागले. आई आबांकडे. मग दोघंही, अगदी एकाच वेळी, माझ्याकडे.

"मी खो-खोला गेले होते!" मी ओरडले. "दोन दिवस! मी घरात नव्हते! तुम्ही दोघं दोन दिवस एकमेकांशी काहीच बोलला नाहीत?"

रुक्मीकाकी फिस्सकन हसली आणि मग हसायचीच थांबेना. एक बांगडा तिच्या मांडीवरून परत खाली पडला.

"आणि हे सगळं," मी म्हणाले, आणि बोलतच राहिले, "रेस कमी कर, रेस वाढवलीच नाही, सांग तिला, सांग त्यांना... आपण बुडालो असतो! आणि बुडतानासुद्धा तुम्ही म्हणाला असता, कस्तू, सांग तिला की आपण बुडतोय!"

हे मी याआधी कुणालाच म्हटलं नव्हतं. घरात नाही, शाळेत नाही, कुठेच नाही. माझा मलाच धक्का बसला होता.

आबांनी गोणपाट सोडलं. फळीखालून वल्ही काढली, एक आईला दिलं, एक स्वतः घेतलं. दोघं दोन बाजूंना बसले आणि वल्हवायला लागले. सुरुवातीला जमेना, एक जोरात, एक हळू, लॉन्च परत वळायला लागली. मग जमलं.

"गोल कित्याक फिरवलंस?" आबांनी विचारलं.

"सरळ गेले असते तर वाळूत घुसलो असतो," आई म्हणाली. "आणि गिअर काढला तर इंजिन फुटेल, हे दिसलंच. पंख्याचं ओझं पाहिजे होतं त्याला. मग काय, गोलच."

आबांनी थोडा वेळ वल्हवलं. मग माझ्या डोक्यावरून, भाईंकडे बघून म्हणाले, "माका सुचला नसता ता."

भाईंनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. आम्ही छत्रीजवळून गेलो तेव्हा वाकून ती उचलली. पाणी निथळवलं आणि मांडीवर आडवी धरली. आमच्या धक्क्याला लॉन्च लागली. लागली म्हणजे इतकी हळू टेकली, की भाई उठायचेच विसरले.

"परत कधी येवचा बघूक?" आबांनी त्यांना विचारलं.

"बघलंय की," भाई म्हणाले, आणि ओल्या छत्रीने टेकत वर चढून गेले.

तर आईच्या नावावर झाली. समितीच्या बैठकीत काय झालं ते मला माहीत नाही. छत्री बिघडली म्हणून भाई अजून कुरकुर करतात, एवढं माहीत आहे. शील्ड शाळेच्या कपाटात आहे. पुढून चमकते. पाठीमागे काळं गोल वर्तुळ आहे, इंजिनाच्या तोंडाएवढं. बाईंनी घासून काढायला सांगितलं होतं. मी नाही म्हणाले, आणि त्यांनी ऐकलं.

पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवशीचं.

अजून उजाडलं नव्हतं. मी अंथरुणात होते. बाहेर परसात बादलीचा आवाज आला, मग आबांच्या खोकल्याचा. मग आबांचा आवाज.

"ऑइल बघलंस?"

मी उठून बसले. पांघरूण फेकलं, चपला शोधल्या, दाराकडे धावले. डोळे अर्धे मिटलेलेच. आई, आबा विचारतायत ऑइल बघितलंस का, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं.

"बघितलं, आबा," स्वयंपाकघरातून आई म्हणाली. "रेघेच्या जरा खाली आहे. घालू नका, मी घालते."

"बरा."

मी दारातच उभी राहिले. एक पाय चपलेत, एक बाहेर. थोडा वेळ काय करावं तेच कळेना. मग परत जाऊन झोपले.